हरकत असल्यास

आम्ही गाव सोडलं त्या दिवशी अण्णा क्रूझर जीपपर्यंत आले, मुंबईपर्यंत आले नाहीत. बाकी झाडून सगळे आले. मी, मनीषा, पाच वर्षांची तन्वी, माझी आई, मनीषाचे आईवडील, दोन मामा, आणि शेजारचे एक काका, जे गाडीत नेमके कशासाठी बसले होते हे मला आजतागायत कळलेलं नाही. टपावर सहा बॅगा दोरखंडानं आवळल्या होत्या. थोरल्या मामांनी निघताना एकदा, गेवराईत चहाला थांबल्यावर एकदा आणि विमानतळाच्या दारात एकदा, अशी तीनदा तीच म्हण ऐकवली: हातचं सोडून पळत्याच्या पाठी. पहिल्या दोन वेळा मी हसलो. तिसऱ्या वेळी हसायला जमलं नाही.

अण्णांचं न येण्याचं कारण सरकारी होतं. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, आणि गावाचे बीएलओ. म्हणजे मतदारयादीचे कारभारी. घरोघर जायचं, अठरा पुरे झालेल्यांची नावं घालायची, मेलेल्यांची काढायची, लग्न होऊन आलेल्या सुनांची चढवायची. बाकीचे मास्तर या कामाला शिव्या घालत. अण्णा ते देवपूजेसारखं करत. माझी आजी वारली तेव्हा चौदाव्याचं जेवण उरकल्यावर त्यांनी ट्रंकेतून फॉर्म काढला, तिचं नाव लिहिलं, कारण लिहिलं, 'मयत', आणि हात धुऊन मगच पान खाल्लं. आत्या महिनाभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

तर आम्ही निघालो त्या दिवशी दुरुस्त्यांचे फॉर्म तहसीलला द्यायची शेवटची तारीख होती. गाडीच्या खिडकीशी येऊन त्यांनी माझ्या हातात प्लॅस्टिकचं पाकीट दिलं. आत माझं आणि मनीषाचं मतदार ओळखपत्र.

"हे हरवू नको. मतदानाला सांगावा धाडीन," ते म्हणाले. "पुण्याची पोरं येतेत, सुरतची येतेत. तू जरा लांब हायेस, एवढंच."

गाडीतले सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, तलवाड्याच्या पुढं आहे. आमच्या भागातून कोण कुठं जात नाही? कुणी पुण्याला कंपनीत, कुणी टोळीबरोबर ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं. पण ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की गाड्या सुटतात. ज्याचा पॅनल, त्याची गाडी. पुण्यात रात्रपाळी करून आलेला माणूस डोळे चोळत गाडीतून उतरतो, मत देतो, मटणाचा रस्सा ओरपतो आणि परत जातो. वर्षावर्षात आईला फोन न करणारी पोरंसुद्धा मतदानाला हजर. लहानपणापासून मला एक गोष्ट पक्की कळलेली होती. माणूस कितीही लांब जाऊ दे, जोवर त्याला न्यायला गाडी येते तोवर तो गावचा. ज्या दिवशी पॅनलवाले म्हणतात की त्याला कशाला बोलावता, त्या दिवशी तो गेला.

कॅनडात आम्ही सास्काटूनला आलो. तुमच्यापैकी जे टोरांटोला गेलात त्यांना हे नाव ऐकून हसू येईल, येऊ दे. सपाट जमीन, जिकडं बघावं तिकडं शेत, आणि शेतात मी. पुण्यात ट्रॅक्टरच्या कंपनीत मेकॅनिक होतो, इथं कापणीची मोठी यंत्रं दुरुस्त करतो. गहू, मोहरी, मसूर. हीच मसूर बीडच्या मोंढ्यात पोत्यांनी जाते असं मी गावाकडं सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. मनीषा नर्स होती. इथं आल्यावर पहिली तीन वर्षं तिनं म्हाताऱ्यांच्या आश्रमात अंघोळी घालण्याचं काम केलं आणि सोबतच नर्सच्या परीक्षा दिल्या. हिवाळ्यात उणे तीस. गाडी उभी केली की इंजिन गोठू नये म्हणून तिला विजेची वायर लावून ठेवावी लागते. आईनं व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि म्हणाली, "म्हशीवानी गाडीला बी दावं बांधतेत का रे?" त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. फोन ठेवल्यावर घर इतकं शांत झालं की मनीषानं उगीच मिक्सर लावला.

एकटेपणाबद्दल लोक बर्फ सांगतात, सण सांगतात. माझा एकटेपणा बोलीचा होता. इथं मराठी मंडळी आहेत, गणपती बसवतात, माणसं चांगली आहेत. पहिल्याच वर्षी आरतीनंतर कुणीतरी काही म्हणालं आणि मी विचारलं, "कावून?" सगळे माझ्याकडं वळले. एक बाई म्हणाल्या, "किती गोड बोलता हो तुम्ही!" त्यांच्या मनात काही नव्हतं. पण गोड म्हटलं की पुढचा शब्द जपून निघतो. हळूहळू मी 'का बरं' म्हणायला लागलो. 'लई'चं 'खूप' झालं. कामावर इंग्रजी, मंडळात पुस्तकी मराठी, घरी तन्वीशी खिचडी. तिचं मराठी आता 'भूक लागली' आणि 'आजोबा, कसे आहात' एवढ्यावर येऊन थांबलंय. माझी बोली बोलायला जागा उरली ती एकच, कामाचा ट्रक. चाळीस-चाळीस किलोमीटर माणूस दिसत नाही. तिथं मी मोठ्यानं बोलतो. बिघडलेल्या यंत्राला म्हणतो, "कावून रुसलंस बे? लई झाले लाड." यंत्र ऐकतं. शेताचा मालक एकदा मागून आला आणि विचारायला लागला की मी कुणाशी बोलतोय. म्हटलं, देवाचं म्हणत होतो.

मग नागरिकत्व. त्याचं कारण विचाराल तर एक मोठं असं नाही, बारकी-बारकी पाच-सहा. मनीषाची नोकरी, तन्वीचं पुढचं शिक्षण, कुठं जायचं तर व्हिसाच्या रांगा. सगळे घेत होते. एका कागदानं काय होतं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो, आणि दोघंही जरा जास्तच वेळा सांगत होतो. एका हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाच्या हातात कागदी झेंडा. उजवा हात वर करून राजाशी इमान राखायची शपथ घेतली. तन्वीनं खणखणीत म्हटली. मी ओठ हलवले. नंतर केक होता. मनीषा रडली, आनंदानं का कशानं ते मी विचारलं नाही. फोटो काढले आणि गावाकडच्या ग्रुपवर टाकले नाहीत.

अण्णांना सांगायचं राहिलं असं मी म्हणत असे. राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. दर रविवारी फोन, दर रविवारी पाऊस, कापूस, तब्येत, आणि ठेवताना मनीषा डोळ्यांनी विचारायची, आणि मी मान हलवायचो. त्यांना वाईट वाटेल एवढीच भीती नव्हती. ज्या माणसानं स्वतःच्या आईचं नाव चौदाव्या दिवशी कापलं, तो माझ्या नावाचं काय करील हे मला ठाऊक होतं.

मधे इथल्या शहराची निवडणूक झाली. मी जवळच्या शाळेत जाऊन मत दिलं. दारात कुणी ओळखीचं नाही, गाडी आली नाही, कुणी हात जोडले नाहीत. आत मतपत्रिकेवर खूण करायला पेन्सिल होती. बाहेर येऊन मी सवयीनं डाव्या हाताचं बोट पाहिलं. इथं शाई लावत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात गावची ग्रामपंचायत लागली. माझा चुलतभाऊ दत्ता आमच्या वॉर्डातून उभा. त्यानं फोन केला, "विमानाला डिझेल टाकू का बे?" अण्णा मात्र फोनवर एवढंच म्हणाले, "यादी आली. तुमचं दोघांचं नाव हाय." हिवाळ्यात आमचं काम थंडच असतं, आईच्या गुडघ्याचंही चाललं होतं. मी एकट्यानंच तिकीट काढलं. मनीषा सोडायला आली आणि म्हणाली, "या वेळी सांगूनच ये. मला त्यांच्याशी बोलताना आता लाज वाटते."

मतदानाच्या चार दिवस आधी पोचलो. आईनं माझा पासपोर्ट कपाटात साड्यांखाली नीट ठेवला. नव्याचा रंगही गडद निळाच, तिला काय कळणार. चारही दिवस अण्णा मला बरोबर घेऊन गावभर फिरले. रिटायर होऊन त्यांना पाच वर्षं झालीत, यादी आता अंगणवाडीच्या ताईंकडं आहे, तरी लोक नावाचं काही अडलं की अण्णांकडंच येतात. पारावर, दुकानावर, दवाखान्यात, ते एकच वाक्य म्हणत, "मतदानाला आलाय." आईच्या गुडघ्याचं नाव नाही, माझ्या सुट्टीचं नाव नाही. त्यांच्या आवाजात असं काही होतं जे मी बारावीला पहिला आलो तेव्हाही ऐकलं नव्हतं. रोज सकाळी उठून मी ठरवायचो, आज सांगू. आणि रोज ते वाक्य ऐकून गप्प बसायचो. तुमच्यापैकी किती जणांनी असं काही गिळून ठेवलंय मला माहीत नाही. मी ठेवलं होतं, आणि ते पचत नव्हतं.

मतदानाच्या सकाळी सात वाजता अण्णा इस्त्रीचा सदरा घालून तयार. पहिलं मत त्यांचं, हा त्यांचा जुना हट्ट. माझी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली होती. नाव, अनुक्रमांक, खोली क्रमांक. आई मागून येणार होती. आम्ही दोघं शाळेच्या वाटेला लागलो. डाव्या हाताला ज्वारी कणसावर आलेली, लांब देवीचा डोंगर दिसत होता. पाण्याच्या टाकीशी आलो आणि माझे पाय थांबले.

"अण्णा, मला मत देता येत न्हाई."

"कावून?"

नऊ वर्षं हा शब्द मला कुणी विचारला नव्हता.

मी सांगितलं. सरळ, चार वाक्यांत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"कवा?"

"दीड वरीस झालं."

"तिघांचं बी?"

"तिघांचं."

ते टाकीकडं वळले. मग म्हणाले, "शपथ काय असती तिथली?"

मी सांगितलं. माझे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले, रझाकारांच्या भीतीनं दोन महिने शेतात लपून राहिलेले. दर सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्याला अण्णा त्यांना खांद्याला धरून नेत. मला वाटलं अण्णा ओरडतील.

"आमच्या बापानं राजा घालवला," ते म्हणाले, "आन् तू हुडकून काढलास व्हय."

आणि चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन खिशात घातली. त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

शाळेपासून शंभर मीटरवर फक्कीची पांढरी रेघ मारलेली असते. तिच्या आत मतदार सोडून कुणी जायचं नाही. अण्णा रेघ ओलांडून गेले, मी अलीकडं राहिलो. रेघेच्या बाहेर दोन्ही पॅनलची टेबलं, त्यावर याद्या. दत्ता आला, खांद्यावर हात टाकला. मी त्यालाही खरं सांगितलं. तो हसला.

"यादीत नाव हाय, खिशात कार्ड हाय, माणूस हुबा हाय. आनखी काय पायजे बे? आत सगळे आपलेच हायेत. कोण इचारतंय?"

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. दहा-वीस मतांचा खेळ होता. पण दत्तासाठी नव्हे. मला आत जायचं होतं. त्या खोलीत मी तिसरी शिकलो. तिथं कुणीतरी मोठ्यानं माझं नाव वाचावं, संपूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि मी 'हां' म्हणावं, आणि बोटाला शाई लागावी. माझा एक पाय रेघेवर होता.

तेवढ्यात अण्णा बाहेर आले. बोटावरची शाई ओली होती. ते दत्ताच्या टेबलाशी गेले, यादीत माझ्या आणि मनीषाच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही दोन धरू नका. येणार न्हाईत."

"अण्णा, पोरगं तर हितं हुबं हाय," दत्ता म्हणाला.

"पाव्हणं हाय ते."

दोन्ही टेबलांवरच्या माणसांनी ऐकलं. पलीकडच्या पॅनलच्या एकानं मला बसायला खुर्ची दिली, पाहुण्याला देतात तशी. मी बसलो. दिवसभर माणसं येत होती, शाईचं बोट दाखवत जात होती, आणि मला विचारत होती, झालं का रे? मी मान हलवत होतो. होय की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

दत्ता अकरा मतांनी निवडून आला. म्हणजे माझ्या मताची गरज नव्हती. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं.

परत निघायच्या आदल्या दुपारी अण्णांनी ट्रंक उघडली. कोरे फॉर्म त्यांच्याकडं अजून आहेत. नमुना सात, नाव वगळण्याचा अर्ज. ओट्यावर चटई टाकून बसले, पाटी मांडीवर घेतली, मला समोर बसवलं. आणि एकदम त्यांची भाषा बदलली. सरकारी कामाला ते अशीच मराठी बोलत, परक्याच्या दारात उभं राहून बोलावी तशी.

"आपलं संपूर्ण नाव?"

मी सांगितलं.

"वडिलांचं नाव?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांचं नाव सांगितलं आणि त्यांनी ते लिहून घेतलं. पत्ता विचारला, तोही लिहून घेतला, आम्ही बसलो होतो त्याच ओट्याचा. मग कारणांचे रकाने आले. मयत. वय कमी. कायमचे स्थलांतर. दुबार नोंद. शेवटचा, भारताचा नागरिक नाही. पेन स्थलांतरावर क्षणभर थांबलं, खाली सरकलं आणि शेवटच्या चौकोनात त्यांनी बरोबरची खूण केली. शाळेत गणित सुटल्यावर करायचे तशीच.

आई दारात उभी होती. "ऱ्हाऊ द्या की वो नाव," ती रडत म्हणाली. "कुनाचं काय खातंय ते?"

"खोटं ठिवता येत न्हाई," अण्णा म्हणाले. मग मनीषाचा फॉर्म घेतला. तिची सगळी माहिती त्यांना पाठ होती, मला काहीच विचारलं नाही.

मी परत आलो. मनीषानं विमानतळावर माझा चेहरा पाहिला आणि गाडी स्वतःच चालवायला बसली. नंतरचे रविवारचे फोन मुख्यतः आईच करी. अण्णा मागून खोकत, म्हणजे ते तिथं आहेत एवढं कळे. मला वाटलं हे असंच राहणार, आणि याला दोष द्यायचा तर मलाच. जाणं माझं, शपथ माझी, गप्प बसणंही माझं. त्यांनी फक्त लिहिलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी एका शेतावर निघालो होतो. दोन्ही बाजूंना पांढरं रान. फोन वाजला, अण्णांचा. त्यांनी स्वतः फोन लावायची ही नऊ वर्षांतली दुसरी की तिसरी वेळ. मी घाबरून ट्रक कडेला घेतला.

"तुझ्या नावचं टपाल आलंय," ते म्हणाले. "तहसीलचं."

नाव वगळायच्या आधी त्या माणसाला नोटीस जाते. पत्ता यादीतला, म्हणजे घरचाच. अर्ज लिहिणारे तेच, आणि नोटीस माझ्या वतीनं घेणारेही तेच. त्यांनी चष्म्याची डबी उघडल्याचं मला ऐकू आलं, आणि त्यांनी ती नोटीस अथपासून इतिपर्यंत वाचली, त्या सरकारी आवाजात. आपले नाव वगळणेबाबत अर्ज प्राप्त झाला आहे. आपली हरकत असल्यास सात दिवसांचे आत समक्ष हजर राहावे.

मग वाचणं थांबलं. पलीकडं आईच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"हरकत हाय का?" अण्णांनी विचारलं.

हरकत होती. आयुष्यात कशालाच एवढी नव्हती. पण ती अर्जाला नव्हती, आणि मी जिथं बसलो होतो तिथून सात दिवसांत हजर राहून सांगण्यासारखीही नव्हती.

"न्हाई, अण्णा."

"मंग मी सही करून देतो."

"बरं."

मला वाटलं फोन ठेवतील. ठेवला नाही. मी खिडकीवरचं दव बोटानं पुसत होतो.

"ज्वारी काढून झाली," ते म्हणाले. "औंदा बरी झाली."

"बरं झालं."

"तू पुढच्या साली कवा येतूस?"

मी म्हणालो, अजून काही ठरलं नाही. आणि मग, का कुणास ठाऊक, म्हणालो की आता निवडणूक तर काही नाही.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "मतदान न्हाई, लगीन न्हाई, कायच न्हाई. तसाच ये."

नऊ वर्षांत त्यांनी मला असं कधी बोलावलं नव्हतं. घर कशाला म्हणायचं हे मला आता कुणी विचारलं तर माझ्याकडं यादी नाही, कार्ड नाही, अनुक्रमांक नाही. एवढे दोन शब्द आहेत. फोन बंद झाल्यावर मी ते ट्रकमध्ये मोठ्यानं म्हणून पाहिले, त्यांच्याच आवाजात, आणि इंजिन चालू ठेवून तिथंच बसून राहिलो.